वाचकांचे प्रश्न : गारठ्यात फायबर-रेझिनचं काय होतं?

मागच्या अंकात फायबर आणि रेझिनच्या वस्तूंवर लिहिलं, तेव्हा पत्रं येतील ती उन्हाळ्याबद्दल, असं मला वाटलं होतं. आली ती बहुतेक थंडीबद्दल, आणि अगदी निरनिराळ्या जागांहून: मासेमारीच्या बंदरातून, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, एमआरआयच्या खोलीतून. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पुण्यातल्या एका परीक्षण प्रयोगशाळेत रेझिनच्या पट्ट्या द्रव नायट्रोजननं गार करायच्या आणि त्या वाकवून बघायच्या, यात माझी उमेदीची वर्षं गेली. विषय जिव्हाळ्याचा आहे, उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

पाचही पत्रांत एक समज दिसतो, तो आधी बाजूला करते. थंडीत हे साहित्य कडक होतं हे खरं. पण कडक झालं म्हणून ते बळकट झालं, असं धरून चालता येत नाही. अंगात साचलेला ताण थोडा थोडा सैल करत राहण्याची रेझिनची सवय असते. गारठा वाढतो तशी ती सवय मंदावते आणि एका टप्प्याला थांबते. थंडीत काम करणाऱ्या कॉम्पोझिटबद्दल, म्हणजे काचेचे किंवा कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेल्या साहित्याबद्दल, विचारायचा पहिला प्रश्न तो: ताण सैल करणं अजून चालू आहे की थांबलं?

प्रश्न : मॅडम, मी एम.टेक. करते आहे. काच-इपॉक्सी लॅमिनेटची डीएमए चाचणी उणे १२० अंशांपासून सुरू केली. काचसंक्रमण १२५ अंशांच्या आसपास छान दिसतं. पण उणे ६० जवळ टॅन डेल्टाच्या रेषेला एक बुटकं, पसरट कुबड आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात, मशीनचा गोंधळ असेल, आलेख शून्य अंशापासून दाखव. काय करू?
(एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

आलेख कापू नका. तुमच्या सगळ्या चाचणीत सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा त्या कुबडातच आहे.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. इपॉक्सी हा रेझिनचा एक प्रकार, आणि लॅमिनेट म्हणजे तंतूंचे थर रेझिननं एकमेकांना जोडून केलेली पाटी. डीएमए यंत्रात पट्टी क्लॅम्पमध्ये धरून सेकंदाला ठरावीक वेळा अगदी किंचित वाकवतात आणि हळूहळू तापवत नेतात. वाकवायला घातलेली ऊर्जा पोलादाची पट्टी जवळजवळ सगळी परत देते. रेझिन थोडी परत देतं, थोडी उष्णतेच्या रूपानं गिळतं. परत आलेल्या भागावरून साठवण मापांक (पट्टी किती कडक आहे त्याचं माप) मिळतो, गिळलेल्या भागावरून ऱ्हास मापांक, आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की टॅन डेल्टा. हा आकडा जिथे वर उठतो, तिथे रेणूंच्या साखळीचा कुठला तरी तुकडा हालचाल करायला मोकळा होत असतो.

काचसंक्रमणाला, म्हणजे कडक रेझिन मऊ होतं त्या तापमानाला, साखळ्यांचे लांबलचक भाग मोकळे होतात, म्हणून तिथला सुळका उंच. पण त्याच्या खूप खाली, सगळं गोठलेलं आहे असं आपण धरतो तिथेही, लहान तुकडे वळवळत असतात. अमाइन जातीच्या हार्डनरनं पक्व (म्हणजे घट्ट) केलेल्या इपॉक्सीत ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यामधला तीन कार्बनांचा आणि एका हायड्रॉक्सिल गटाचा जो छोटा दुवा असतो, तो जागच्या जागी हँडल फिरवावं तसा फिरतो. सेकंदाला एक आवर्तन ठेवलं तर ही हालचाल उणे ६० च्या आसपास दिसते. तिला बीटा शिथिलन म्हणतात. कुबड पसरट असतं, कारण प्रत्येक दुव्याच्या शेजारची परिस्थिती वेगळी असते आणि सगळे एकाच तापमानाला सुटत नाहीत. तुम्ही पाहिलंत ते हेच असणार.

असणार, असं म्हटलं. मार्गदर्शकांना पटवायला पुरावा हवा, आणि तो मिळवणं फार अवघड नाही. तीच चाचणी सेकंदाला ०.१, १ आणि १० आवर्तनांनी करा. मशीनचा गोंधळ असेल तर कुबड जागचं हलणार नाही, किंवा वेडंवाकडं हलेल. खरं शिथिलन असेल तर आवर्तनं दहापट झाली की ते वरच्या तापमानाकडे सरकेल. इपॉक्सीच्या बीटा हालचालीची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती हालचाल सुरू व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, साधारण मोलला ६० ते ७० किलोज्यूल असते. ती ६५ धरून उणे ६० पासून हिशेब मांडला तर दर दहापटीला तेरा-चौदा अंशांचं सरकणं निघतं. म्हणजे ०.१ ला उणे ७३ जवळ आणि १० ला उणे ४६ जवळ. तुमचे तीन बिंदू या रांगेत बसले की वाद संपला. मग एक नमुना निर्वात भट्टीत नीट कोरडा करून आणि एक पाण्यात मुरवून पाहा. कुबडाचा आकार बदललेला दिसेल, कारण पाणी त्याच हायड्रॉक्सिल गटांना जाऊन चिकटतं.

मार्गदर्शकांची शंका उगाच नाही, हेही सांगायला हवं. थंडीत यंत्र खरोखर फसवतं. खोलीच्या तापमानाला आवळलेला क्लॅम्प उणे १०० ला सैल पडतो, कारण रेझिनची पट्टी धातूच्या जबड्यापेक्षा जास्त आकसते. मग पट्टी जबड्यात सरकते आणि ते घर्षण टॅन डेल्टात येऊन बसतं. म्हणून पट्टी गार झाल्यावर, चाचणी सुरू करण्याआधी, क्लॅम्प ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळायचा. दुसरा शत्रू दव. भट्टीत ओली हवा शिरली की पट्टीवर बर्फाचा थर धरतो आणि शून्याजवळ आलेखात एक खोटी पायरी उमटते. कोरड्या नायट्रोजनचा झोत चालू ठेवा. जाड नमुना मिनिटाला ५ अंशांनी तापवलात तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पुढे आणि पट्टीचा गाभा मागे राहतो. २ अंश पुरे.

तंतूंची दिशाही लिहायला विसरू नका. लांबीच्या दिशेनं सगळे तंतू असतील तर भार तेच उचलतात आणि रेझिनचं कुबड जवळजवळ लपून जातं. तंतू ४५ अंशांत तिरके ठेवलेल्या पट्टीत ते ठळक दिसेल.

आता हे कुबड मोलाचं का. इथे वाचकांनी लोणावळ्याच्या चिक्कीचा पाक आठवावा: गरम पाक सावकाश ओढला तर लांबतो, तोच हिसडला तर तुटतो. वेग वाढवणं आणि तापमान उतरवणं, रेझिनच्या दृष्टीनं दोन्ही एकच. विमानाच्या कॉम्पोझिट भागांची थंड-कोरडी चाचणी उणे ५४ किंवा ५५ अंशांना घेतात, कारण बारा किलोमीटर उंचीवर हवा तेवढी गार असते. तुमचं कुबड उणे ६० ला आहे, म्हणजे काठावर, पण काठाच्या अलीकडे, असं वाटेल. ते सेकंदाला एका आवर्तनाच्या हिशेबानं. गारेचा तडाखा मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे ढोबळमानानं सेकंदाला हजार आवर्तनांची बरोबरी. त्याच सक्रियण ऊर्जेनं तिथवर गेलं तर कुबड उणे १० अंशांजवळ येतं. म्हणजे उणे ३० ला असलेल्या पंखासाठी उड्डाणातला सावकाश चढणारा भार आणि गारेचा तडाखा हे दोन निराळ्या रेझिनांवर पडल्यासारखे आहेत. पहिल्यापुढे रेझिन थोडं नमतं घेतं, दुसऱ्यापुढे अजिबात घेत नाही. बोइंग ७८७ च्या वजनातला निम्मा वाटा कॉम्पोझिटचा आहे आणि त्याच्या केबिनच्या जमिनीखालच्या कॉम्पोझिट तुळया आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये बनल्या आहेत. या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर शून्याखालचा आलेख वाचता येणं ही तुमची शिदोरी आहे. शून्यापासून कापलेला आलेख प्रबंधात नीटनेटका दिसेल, पण त्यात हे काहीच उरणार नाही.

प्रश्न : ताई, आमची फायबरची होडी आहे. बर्फ आणि मासळी ठेवायच्या खणाला आतून चिरा पडतात, चांदणीसारख्या. यार्डवाला म्हणतो बर्फाच्या थंडीनं फायबर फुटतं, त्याला इलाज नाही. खरं का?
(एक मच्छीमार, हर्णै)

थंडीनं नाही. इलाज आहे.

तुमच्या होडीचं पॉलिएस्टर रेझिन कडक अवस्थेतून मऊ व्हायला ६०-७० अंश तरी लागतात. म्हणजे वैशाखातल्या दुपारी ते कडकच असतं आणि बर्फाखाली शून्य अंशालाही कडकच असतं. या दोन अवस्थांत फरक थोडा आहे, चिरा पडण्याएवढा नाही. काच-रेझिनची भांडी याहून कितीतरी गार जागी वर्षानुवर्षं टिकतात.

चांदणीसारखी चीर म्हणजे मधोमध ठोका बसलेला असतो. बर्फाची लादी वरून टाकली, फावड्याचं टोक लागलं, क्रेट आदळलं. एकदा दोष थंडीवर ढकलला की ठोक्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मला या समजाचा राग येतो. ठोका बसल्यावर वरचा जेलकोट तडकतो, कारण त्यात काच नाही, नुसतं रेझिन आहे. तो किती जाड आहे हे तपासून घ्या. अर्धा मिलिमीटर, म्हणजे ०.४ ते ०.६ च्या दरम्यान, योग्य. पुष्कळ ठिकाणी चकाकी यावी म्हणून एक-दीड मिलिमीटर चढवतात. जेलकोट आतल्या मॅटपेक्षा (काचतंतूंच्या थरापेक्षा) दुपटीहून जास्त आकसतो. तो जाड असला तर उन्हात तापलेल्या होडीत बर्फ भरताना त्याच्यावर ताण येतोच, आणि मग हलका ठोकाही पुरतो. थंडीचा हात आहे तो एवढाच.

दुसरं, रेझिन पुरतं पक्व झालंय का? पावसाळी हवेत, हार्डनर मोजून न घालता, नजरेनं ओतून केलेलं काम वरून सुकल्यासारखं दिसतं, पण आत कच्चं राहतं. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के, काट्यावर मोजून. कच्च्या कामावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर पृष्ठभाग चिकट होतो. यार्डवाल्यासमोर फिरवून बघा.

दुरुस्ती करताना चिरेवर नुसतं पुटिंग भरू नका. जेलकोट घासून काढा आणि आतली मॅट पांढरट झालीय का ते पाहा. पांढरट असेल तर तिथे काच आणि रेझिन एकमेकांपासून सुटलेत. तेवढा भाग काढून नवीन मॅट बसवावी लागेल. हे टाळलंत तर खारं पाणी मागच्या फोममध्ये उतरतं, फोम भिजला की बर्फ लवकर वितळतो, आणि दर फेरीला जादा बर्फाचे पैसे जातात. खणाच्या तळाला, जिथे लादी पडते तिथे, एक जाड रबराची चटई टाकलीत तर निम्मं काम होईल.

प्रश्न : इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यात द्रव हायड्रोजनची टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे असं वाचलं. कार्बन फायबर एवढं हलकं आणि थंडीत अजून कडक होत असेल, तर टाकी त्याची का करत नाहीत? मुलं विचारतात.
(विज्ञान शिक्षक, अमरावती)

मुलांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. हे करून पाहिलेलं आहे, आणि पहिल्या मोठ्या प्रयत्नाची कथा सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९९० च्या दशकात एक्स-३३ नावाच्या, पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा यानाचं काम चाललं होतं. त्याच्या द्रव हायड्रोजनच्या टाक्या कार्बन-इपॉक्सीच्या होत्या: दोन पातळ कातड्या आणि मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा. नोव्हेंबर १९९९ मध्ये नासाच्या हंट्सव्हिल इथल्या मार्शल केंद्रात टाकीत द्रव हायड्रोजन भरून, दाब देऊन चाचणी झाली. टाकीनं ती सोसली. मग हायड्रोजन काढून घेतला, टाकी गरम होऊ लागली, आणि तेव्हा बाहेरची कातडी गाभ्यापासून सुटून उचकटली. भार उतरल्यावर मोडली, हे मुलांना मुद्दाम सांगा.

चौकशीत दिसलं ते असं. गारठ्यात आतल्या कातडीला सूक्ष्म तडे गेले होते. हायड्रोजनचा रेणू इवलासा. तो त्या तड्यांतून गाभ्याच्या पोकळीत शिरला. शिवाय गाभा एवढा गार झाला होता की बाहेरचा नायट्रोजनही आत ओढला जाऊन थिजला. टाकी तापू लागल्यावर आत अडकलेलं सगळं वायू होऊ लागलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. गाभा आणि कातडी यांचा जोडही काही ठिकाणी कमजोर होता. तिथे उत्पादनाच्या वेळची टेपही राहून गेलेली सापडली. २००१ मध्ये सगळा प्रकल्प बंद झाला.

पण तडे का गेले? भार तर कातडीला पेलण्याइतकाच होता. याचं उत्तर आकड्यांत आहे, फळ्यावर मांडता येईल असं.

कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेनं थंडीत जवळजवळ आकसतच नाही. किंचित लांबतो, म्हटलं तरी चालेल. इपॉक्सी मात्र अंशामागे दहा लाखांत ५० ते ६० भाग आकसतं. टाकीच्या भिंतीत थर आडवे-उभे रचलेले असतात. एका थराला जिकडे आकसायचंय, तिकडे शेजारच्या थराचे तंतू त्याला आडवे येतात. असलं इपॉक्सी १८० अंशांच्या आसपास पक्व होतं, आणि तिथे ताण शून्य धरता येतो. तिथून २० अंशांवर येईपर्यंत या अडवणुकीमुळे थरात तंतूंच्या आडव्या दिशेनं सुमारे ०.४ टक्के ओढ (लांबीच्या तुलनेत ताणलं जाणं) साचते. तिथून उणे २५३ अंशांपर्यंत, म्हणजे द्रव हायड्रोजनच्या तापमानापर्यंत, गेलं की आणखी सुमारे तेवढीच. आकसण्याचा दर खाली खाली कमी होतो, नाहीतर ती याहून जास्त झाली असती. एकूण ०.८ टक्के. आणि असा थर आडव्या दिशेनं तुटतो तो साधारण ०.७ ते १ टक्क्याला! टाकीत अजून इंधनाचा दाब आलेला नाही, आणि थराची सहनशक्ती जवळपास संपलेली आहे. हा माझा ढोबळ हिशेब आहे. खरा हिशेब थरांच्या रचनेप्रमाणे बदलतो, पण चित्र हेच राहतं.

आता सुरुवातीला म्हटलेली ताण सैल करण्याची सवय इथे घाला. १८० पासून खाली येताना पहिल्या थोड्या अंशांत, काचसंक्रमणाच्या जवळ, रेझिन साचणाऱ्या ओढीतला काही भाग खरोखर विरवून टाकतं. म्हणून सावकाश थंड केलेलं लॅमिनेट घाईनं थंड केलेल्यापेक्षा शांत असतं. मग मोठी हालचाल थांबते. उरते ती बीटा, वरच्या विद्यार्थिनीच्या कुबडातली. तासन्‌तास लावून गार केलं तर तीही उणे १०० च्या आसपासपर्यंत थोडीफार कामाला येते. थोडीफारच, कारण ती हालचाल मुळात लहान आहे. त्याच्या खाली दीडशे अंशांचा प्रवास उरलेला असतो आणि त्यात रेझिन काहीच सैल करू शकत नाही. उलट त्याचा मापांक वाढत जातो, द्रव नायट्रोजनच्या तापमानाला खोलीतल्यापेक्षा दुप्पट किंवा अधिकही होतो, म्हणून तेवढ्याच ओढीला जास्त ताण पडतो. 'थंडीत कडक होतं' ही मुलांना जमेची बाजू वाटली होती. टाकीच्या भिंतीत ती खर्चाच्या बाजूला जाते.

यावर उपाय निघाले आहेत, आणि मला त्यांतला एक फार आवडतो, कारण तो रसायनात नाही, रचनेत आहे: थर पातळ करायचे. तडा पसरायला लागणारी ऊर्जा थराच्या जाडीतून येते. थर निम्म्या जाडीचा केला की त्याच ओढीला तड्याच्या हाती निम्मीच ऊर्जा लागते आणि तो आरपार जात नाही. नासा आणि बोइंग यांनी २०१३ मध्ये २.४ मीटर आणि २०१४ मध्ये ५.५ मीटर व्यासाच्या कार्बन-इपॉक्सी टाक्यांची द्रव हायड्रोजन भरून चाचणी घेतली, तीही त्याच मार्शल केंद्रात. मोठ्या टाकीच्या भिंतीत असे पातळ थर होते. रॉकेट लॅब या कंपनीच्या इलेक्ट्रॉन रॉकेटच्या कार्बन टाक्यांतून तर द्रव ऑक्सिजन नियमित जातो. जानेवारी २०१८ मध्ये ते पहिल्यांदा कक्षेत पोचलं. पण ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव असतो आणि त्याचा रेणू मोठा. हायड्रोजनपर्यंतचे उरलेले सत्तर अंश आणि त्याचा गळका स्वभाव, यांमुळे माणसांची आणि महागड्या उपग्रहांची जबाबदारी असलेले लोक अजून ओळखीचा धातू धरून आहेत. मला ते शहाणपणाचं वाटतं.

मुलांना करून दाखवायचं असेल तर इपॉक्सी आणि द्रव नायट्रोजन यांचा नाद शाळेत करू नका. दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी मेणबत्तीवर धरून वाकते ती दाखवा. अडवलेलं आकसणं-प्रसरण पावणं त्यांना तेवढ्यानं कळेल.

प्रश्न : एमआरआय मशीनमध्ये चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रव हीलियममध्ये असतो. कंपनीचे इंजिनिअर म्हणाले की एवढा टनावारी गोळा फायबरच्या पट्ट्यांवर तोललेला आहे. त्या पट्ट्या इतक्या वर्षांत ताणून सैल पडत नाहीत का?
(एमआरआय टेक्निशियन, कोल्हापूर)

बरोबर सांगितलं त्यांनी. पट्ट्या किंवा दांडे काच-इपॉक्सीचे अथवा कार्बन-इपॉक्सीचे असतात. पोलादानं ओझं पेललं असतं, पण बाहेरची उष्णता आत नेऊन हीलियम उकळवला असता. काच-इपॉक्सी उष्णता पोलादाच्या कित्येक पटींनी कमी वाहून नेतं.

इथे थंडी खरोखर मित्र आहे, आणि याचं श्रेय काचेला. ई-ग्लासचा तंतू खोलीच्या तापमानाला सुमारे ३.४ गिगापास्कल ताणाला तुटतो. उणे १९० ला तोच सुमारे ५.३ पर्यंत टिकतो. हवेतली ओल काचेवरच्या बारीक ओरखड्यांना ताणाखाली हळूहळू कुरतडते आणि काच थकते. एवढ्या थंडीत ते कुरतडणं बंद पडतं. पट्टीत सगळे तंतू ओढीच्या दिशेनं असतात, आडवा थर नसतो, म्हणून रॉकेटच्या टाकीचं दुखणं इथे नाही.

सैल पडण्याबद्दल: ४ केल्विनला, म्हणजे तुमच्या उणे २६९ अंशांना, रेझिनची सगळी हालचाल गोठलेली असते, तिथे सरपटणं (भाराखाली हळूहळू लांबत जाणं) जवळजवळ शून्य. पण पट्टीचं एकच टोक तिथे आहे. दुसरं टोक बाहेरच्या कवचाला, तुमच्या खोलीच्या तापमानाला, बांधलेलं आहे. वर्षांगणिक जे काही ताणणं होतं ते त्या उबदार टोकाकडच्या भागात. म्हणून तपासणीत आणि डिझाइनमध्ये लक्ष द्यायचं ते त्या टोकाकडे, विशेषतः जिथे पट्टी पिनेभोवती वळते तिथे. तंतू लांबीच्या दिशेनं असल्यानं तिथलंही सरपटणं फार थोडं असतं, आणि उत्पादक ते धरूनच सुरुवातीची ओढ ठरवतात. खोलीचं एसी वारंवार बंद ठेवू नका. हीलियमच्या कूलरसाठी ते जरुरीचं आहेच, आणि पट्टीच्या उबदार टोकालाही बरं.

या साहित्यावरचा विश्वास एका दिवसात बसलेला नाही. जी-१० नावाचं काच-इपॉक्सी इलेक्ट्रिकच्या कामात जुनंच होतं, पण प्रत्येक कारखान्याचं थोडं वेगळं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं उत्पादकांना बरोबर घेऊन त्याचा घटक-प्रमाण ठरवून दिलेला, खास अतिथंड वापराचा प्रकार तयार करवला आणि त्याची मापं ४ केल्विनपर्यंत घेतली. युरोपातल्या सर्न या संशोधन केंद्राच्या एलएचसी या कणवेगवर्धक यंत्रातले १,२३२ द्विध्रुव (कणांना वळवणारे) चुंबक, प्रत्येक सुमारे १५ मीटर लांब, १.९ केल्विनला काच-इपॉक्सीच्याच खुंटांवर बसलेले आहेत. त्या चुंबकांच्या कवचांखाली, बाहेरच्या बाजूला, अचूक उंची साधणारे हजारो जॅक भारतानं पुरवले आहेत, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या आखणीनुसार. माझ्या क्षेत्रातल्या माणसाला याचा फार अभिमान वाटतो.

प्रश्न : डिसेंबरात हिमालयात ट्रेकला जातोय. कार्बनची काठी उणे २० ला तुटेल का? अ‍ॅल्युमिनियमची घेऊ?
(एक ट्रेकर, नाशिक)

उणे २० नं कार्बनची काठी तुटत नाही. तुटते ती दगडाच्या फटीत अडकून आडवी वाकली की, किंवा आधीच पडलेल्या खाचेतून. थंडीत अशी खाच थोडी कमी माफ होते. निघण्यापूर्वी काठीवरून नख फिरवा. नख अडकलं, किंवा त्या जागी रंगाखाली तंतू उसवलेले दिसले, तर ती काठी घरी ठेवा.

थंडीत खरा त्रास लॉक देतो. नळी कार्बनची, लॉकची कडी प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमची, दोघांचं आकसणं निरनिराळं, आणि मुक्कामावर आवळलेला फिरकीचा लॉक पहाटे चालताना सरकतो. बाहेरून दाबायचा, खटक्याचा लॉक असलेली काठी घ्या, आणि त्याचा स्क्रू पहाटेच्या थंडीत तंबूबाहेर काढल्यावर एकदा तपासा. अंगाचा भार टाकून दोन वेळा दाबून बघा, मग निघा.